बंड्याची खाज आणि वहीतला आकडा

रात्री पावणेदोनला आमच्या घराचं दार वाजायचं. ठकठकठकठक. मी दिवा लावून पाहायचे, तर दारात कोणीच नाही. जिन्याखाली बंड्या बसलेला, मान वाकडी, डोळे अर्धे मिटलेले आणि मागचा पाय कानामागे शिलाईच्या मशीनसारखा चालू. तो पाय फरशीवर आपटायचा आणि मला वाटायचं, कोणीतरी आलंय.

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जातीचा-बितीचा नाही, अस्सल गावठी. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडका. आम्ही राहतो सीबीडी बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरिया या नामवंत वास्तुविशारदांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली. एका छोट्या चौकाभोवती सात घरं, आणि असे तीन चौक मिळून एकवीस घरं एका मोठ्या चौकाभोवती. छोटा चौक आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. हे मी उगाच सांगत नाहीये. या चौकाचं पुढे काम आहे.

सात घरांचा चौक म्हणजे सात घरांचे सल्ले! समोरचे आजोबा म्हणाले, "कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घाला." शेजारच्या काकू म्हणाल्या, "उष्णता झालीय त्याला. चिकन बंद करा." कोपऱ्यावरच्या दादाने मोबाईलवर बघून एक शाम्पू सुचवला. आणखी कोणी खोबरेल तेल. एकाने तर रॉकेल चोळायला सांगितलं! (असलं काही कधीच करू नका. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे अंगावरचं सगळं पोटात जातं.) रॉकेल सोडून बाकी सगळं आम्ही केलं, तेही एकाच आठवड्यात. बंड्या दोन दिवस जरा कमी खाजवायला लागला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ठकठकठकठक.

शेवटी गेलो डॉक्टरबाईंकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन दिवस कमी झालं ते कशाने?"

मी भाचीकडे बघितलं, भाचीने माझ्याकडे.

"आणि परत वाढलं ते कशाने?"

तेही सांगता येईना.

"म्हणजे तुम्ही उपाय नाही केलात, भेळ केलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिंच आंबट की कैरी आंबट, आता कसं कळणार?"

माझी भाची सहावीत आहे आणि तिला नव्या वहीला फक्त कारण लागतं. ते तिला तिथेच मिळालं. डॉक्टरबाईंनी तिला एक आडवी रेघ काढायला सांगितली. एका टोकाला शून्य, म्हणजे अजिबात खाज नाही. दुसऱ्या टोकाला दहा, म्हणजे जेवण, झोप, खेळ सोडून नुसतं खाजवणं. रोज रात्री एक आकडा लिहायचा. जनावरांचे डॉक्टरही अशीच रेघ वापरतात, कारण 'फार खाजतंय हो' याचं माप प्रत्येक घरी वेगळं. पहिल्या रात्री तिने लिहिलं: ८.

एक गंमत तुम्हीही करून बघा. कुत्रा खाजवत असताना मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि एका सेकंदात पाय किती वेळा हलतो ते मोजा. बंड्याचा चार वेळा, कधी पाच. सव्वाशे वर्षांपूर्वी चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नेमकं हेच मोजलं होतं. खऱ्या पिसवा काही हुकूम ऐकत नाहीत, म्हणून त्याने कुत्र्याच्या कातडीत बारीक टाचणी टोचून तिच्यातून अगदी हलकी वीज सोडली आणि तिला नाव दिलं 'विजेची पिसू'! पाठीवर आणि कुशीवर, घोड्याचं खोगीर असतं तेवढ्या भागात कुठेही ही पिसू 'चावली', की त्याच बाजूचा मागचा पाय ठेक्यात खाजवायला लागायचा. हा ठेका मेंदू ठरवत नाही. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच ठरतो. म्हणून तर पोटाला गुदगुल्या केल्या की कुत्र्याचा पाय हवेत आपोआप चालतो, आणि कुत्रा स्वतःच त्या पायाकडे 'हा कोणाचा?' अशा नजरेने बघतो. शेरिंग्टनला पुढे १९३२ साली नोबेल मिळालं, मज्जापेशींच्या कामाबद्दल.

पण पाय कसा हलतो हे कळलं म्हणून तो का हलतो हे कळत नाही. डॉक्टरबाईंनी वहीत बंड्याचं चित्र काढायला लावलं आणि जिथे जिथे तो खाजवतो, चावतो, चाटतो तिथे फुल्या मारायला सांगितल्या. त्या म्हणाल्या, खाजेचा नकाशा असतो. कानाच्या कडा आणि कोपरं खाजत असतील तर खरजेचा संशय. पंजे, पोट आणि तोंड असेल तर ॲलर्जीचा. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर असेल तर पिसवांचा. भाचीच्या चित्रात शेपटीच्या बुडाशी फुल्यांची गर्दी होती. पण थोड्या पंजांवरही होत्या. त्या लक्षात ठेवा.

मग तपासण्या सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी बंड्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली आणि त्याच्या मागच्या पायाकडे बघत राहिल्या. खरूज असेल तर पाय लगेच उडतो. बंड्याचा पाय गप्प. मग तेलाचा थेंब टाकून बोथट पात्याने कातडी जराशी खरवडली आणि ते काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आपण 'लूत भरलेलं कुत्रं' म्हणतो ना, ती लूत म्हणजे कातडीत बिळं करून राहणाऱ्या आठ पायांच्या बारक्या किड्यांचं काम. माणसाच्या खरजेतला असाच किडा १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी भिंगाखाली पाहून त्याचं चित्र काढलं होतं. तोपर्यंत वैद्य सांगायचे, खरूज अंगातल्या बिघाडाने होते, आतून येते. त्या दोघांनी सांगितलं, आतून नाही, हा बघा, हा पाहुणा बाहेरून आलाय!

बंड्याच्या काचेवर पाहुणा नव्हता. (थोडे असले तर खरवडीत सापडतही नाहीत, हेही बाईंनी सांगून ठेवलं.) मग खोलीत अंधार करून जांभळट दिवा लावला. गजकर्णाची एक जात या उजेडात हिरव्या सफरचंदासारखी चमकते. बंड्या चमकला नाही. भाची जरा हिरमुसली.

"मग पिसवाच," बाई म्हणाल्या.

"पण त्याच्या अंगावर एकही पिसू नाहीये! आम्ही दहा वेळा बघितलं," मी म्हणाले.

यावर त्यांनी उवा काढायची बारीक फणी घेतली, शेपटीच्या बुडाशी चार-पाचदा फिरवली आणि एका पांढऱ्या कागदावर झटकली. कागदावर केस, कोंडा आणि काळे ठिपके पडले, कुटलेल्या मिरीसारखे. आम्हाला वाटलं, चौकातली माती. बाईंनी ओला कापूस त्या ठिपक्यांवर ठेवला, अर्धा मिनिट थांबल्या आणि उचलला. कापसावर प्रत्येक ठिपक्याभोवती तांबडं-तपकिरी कडं उमटलेलं!

माती ओली झाली की तांबडी होत नाही. ते होतं पचलेलं रक्त. पिसवांची शी. भाचीनेही तेच म्हटलं, "शी!"

पिसू दिसत नव्हती, कारण बंड्या दातांनी कुरतडून तिचा निकाल लावत होता. आणि ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला शंभर पिसवा लागत नाहीत, थोडे चावेही कित्येक दिवस पुरतात. शिवाय पिसू हातात सापडणं सोपं नाही. तिच्या अंगात रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं. गलोल ताणावी तसं ती ते दाबून धरते आणि एकदम सोडते. कुत्र्याची पिसू लांब उडते की मांजराची, हे फ्रान्समधल्या काही शास्त्रज्ञांनी मोजलं. कुत्र्याची जिंकली, सरासरी तीस सेंटिमीटर, मांजराची वीस. या संशोधनाला २००८ साली 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला हे बक्षीस देतात. आणि गंमत म्हणजे, जगात बहुतेक ठिकाणी कुत्र्यांच्या अंगावर जास्त करून सापडते ती मांजरपिसूच.

पिसवांची उडी मुंबईत एकदा फार महत्त्वाची ठरली होती. डॉक्टरबाई परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, त्यामुळे परळची ही गोष्ट त्यांच्या जिभेवर असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो कशाने पसरतो, यावर सात घरांच्या चौकात व्हावा तसाच गोंधळ होता. कोणी म्हणे हवेने, कोणी मातीने, कोणी धान्याने. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं, उंदराच्या पिसवांनी. बरीच वर्षं फारसं कोणी ऐकलं नाही. मग १९०५ पासून मुंबईत एक आयोग कामाला लागला. परळला आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या प्रयोगशाळेत. त्यांनी गिनीपिगचे पिंजरे घेतले. एक जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. हवा तीच, जागा तीच, फरक फक्त उंचीचा. दोन इंचांवरच्या गिनीपिगला प्लेग झाला. दोन फुटांवरचा वाचला, कारण पिसवांची उडी तिथवर पोचत नव्हती. रोग हवेने जात असता तर त्याला दोन इंच काय आणि दोन फूट काय!

(घाबरू नका. त्या उंदरांच्या पिसवा होत्या. बंड्याच्या खाजेतून प्लेग येत नाही.)

भाचीला हे फार आवडलं. तिने वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एका वेळी एकच पिंजरा हलवायचा.' म्हणून आम्ही तेल, शाम्पू, कडुलिंब सगळं थांबवलं, चिकन परत सुरू केलं आणि फक्त बाईंनी दिलेलं पिसवांचं औषध दिलं. आकडा आठवरून सहावर आला आणि तिथेच अडला. दोन आठवडे सहाच.

आता चौकाचं काम. बंड्या रात्री जिन्याखालच्या गोणपाटावर झोपतो. दुपारी तो चौकभर हिंडतो, तेव्हा त्या गोणपाटावर कोण झोपतं? भाचीने दोन दुपारी पहारा दिला. सातही घरांचं दूध पिणारी आणि कोणाच्याच मालकीची नसलेली करडी मांजर! गोणपाट पांढऱ्या चादरीवर झटकलं, तर कुटलेली मिरी वाटीभर. मिठाच्या कणांसारखी अंडीसुद्धा.

कुत्र्याच्या अंगावर असतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे सगळ्या कुटुंबातल्या शंभरात जेमतेम पाच. बाकीच्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष बनून गोणपाटात, फरशीच्या फटीत, पायपुसण्यात. अळ्या उजेडाला घाबरतात आणि खातात काय, तर मोठ्या पिसवांची तीच काळी शी! कोषातली पिसू तर वाट बघत कित्येक आठवडे बसून राहते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की समजते, जेवण आलं. मग बाहेर. म्हणजे आम्ही पाचांशी लढत होतो आणि पंच्याण्णव जिन्याखाली आराम करत होते.

गोणपाट फेकलं. चादरी कडक गरम पाण्यात धुतल्या. फटी रोज झाडल्या. मांजरीलाही औषध दिलं, पण बंड्याचं नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विष आहे, म्हणून बाईंनी तिच्यासाठी वेगळं दिलं. मांजरीला पकडताना कोपऱ्यावरच्या दादाच्या हातावर नकाशा निघाला तो वेगळाच.

महिन्याने वहीत आकडा: ३. रात्रीचं दार वाजायचं थांबलं.

पण तीन म्हणजे शून्य नव्हे. आठवतात ना पंजांवरच्या फुल्या? बंड्या अजून पंजे चाटतोय, इतके की तिथले केस लाळेने गंजलेल्या लोखंडासारखे झालेत. बाई म्हणाल्या, खाजेची कारणं एकावर एक रचलेली असतात, एक काढलं की खालचं दिसतं. आता संशय खाण्यावर. म्हणजे शेजारच्या काकूंचं चिकन अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं! फक्त शाम्पू आणि तेलाच्या गर्दीत ते कळलं नसतं, आणि आठवड्याभरात तर नाहीच. खाण्याची परीक्षा घ्यायची तर बाईंच्या हिशेबाने आठ आठवडे बंड्याने आजवर कधीच न खाल्लेलं एकच मांस बटाट्याबरोबर खायचं, आणि त्याशिवाय काही म्हणजे काहीही नाही. खाज थांबली तर जुनं खाणं परत देऊन बघायचं. पुन्हा खाज आली, की चोर सापडला.

बंड्याने चिकन, अंडी, दूध, सगळं चाखलंय. मासा मात्र कधीच नाही. म्हणून हल्ली मी दिवाळे गावातून सुरमई आणते, काटे काढून, मीठ-मसाला न घालता उकडते आणि बटाट्याबरोबर कुस्करून त्याला देते. मासळीवाली मावशी पहिल्या दिवशी म्हणाली, "कुत्र्याला सुरमई? आणि तुमी काय खाता?" आम्ही पिठलं खातो.

काल अठरावा दिवस होता. आकडा दोनवर आला होता. संध्याकाळी समोरच्या घरातला अडीच वर्षांचा बाळ्या ग्लुकोजचं बिस्किट घेऊन चौकात आला. एक घास त्याने खाल्ला, एक बंड्याला दिला. गहू आणि दूध, दोन्ही एकदम! भाचीने फोन केला तेव्हा डॉक्टरबाई आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून मोजा."

वहीत 'दिवस १८' खोडलंय. शेजारी 'दिवस १'. आणि खाली बारीक अक्षरात: 'बिस्किट, अर्धं. संशयिताला चौकशीसाठी बोलावलं, पण तो झोपला.'