मासोळी माहेरी निघाली

मृगाचा पहिला दणकट पाऊस पडला की आमच्या वाशिम भागात दोन गोष्टी एकदमच घडतात. दिवसा शेतकरी तिफणीची डागडुजी काढतो आणि रात्री नाल्यांच्या पुलांवर बॅटऱ्या चमकू लागतात. पहिल्या गोष्टीवर वर्तमानपत्रांत रकाने भरून येतात. दुसरीची बातमी कधी होत नाही. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या नाल्याला गढूळ लोंढा आलेला असतो आणि त्या लोंढ्याच्या उलट दिशेने, उड्या मारीत, दगडांवर आपटत मासे वर चढत असतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडकडे वलगणीचे म्हणतात. आमच्याकडे 'मासे चढले' एवढे दोनच शब्द पुरतात. ते ऐकले की निम्मे गाव विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्याकडे धावते.

हे मासे का चढतात? पावसाच्या नव्या पाण्याने नदीचा थंडावा, गढूळपणा, वेग सारेच बदलते. पोटात अंडी तयार असलेल्या मासळीला ती खूण कळते. नदीच्या मोठ्या डोहात अंडी टाकली तर इतर मासे ती खाऊन टाकतील. म्हणून ती वरच्या उथळ नाल्यांत, पाणी साचलेल्या गवतात, प्रसंगी धुऱ्याकडेच्या शेतातही शिरते. तिथे पाणी उबदार असते, पिलांना खायला बारीक जीवजंतू असतात. अंडी टाकून ती परत फिरते. पाऊस ओसरू लागला की बोटभर झालेली पिलेही उतरणीच्या पाण्याबरोबर नदीत येतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही ये-जा आहे.

वाशिम जिल्ह्याच्या बाबतीत तिला आणखी एक अर्थ आहे. आपला जिल्हा नद्यांच्या उगमाकडचा. काटेपूर्णा इथून निघून उत्तरेला पूर्णेकडे जाते आणि तिचे पाणी तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. अडाण, अरुणावती यांचे पाणी पैनगंगेला आणि पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागराला जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. नदीच्या उगमाकडे राहणारे आपण म्हणजे, माशांच्या दृष्टीने पाहिले तर, त्यांच्या बाळंतपणाच्या घरचे लोक आहोत.

'बाळंतपणाचे घर' ही कल्पना माझी नाही. ती मला एका वृद्ध भोईबाबांनी दिली आणि ज्या प्रसंगात दिली, तो सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

गोष्ट १९८६ सालची. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो आणि पैनगंगेच्या बाजूच्या एका शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. शाखेच्या कर्जदारांत भोई समाजाची एक लहानशी मच्छीमार संस्था होती. नायलॉनची जाळी आणि दोन डोंगे यांसाठी तिने कर्ज घेतले होते. हप्त्याची तारीख ३० जून. ही तारीख कोणी, कशी ठरवली, तर बँकेचे अर्धवार्षिक हिशेब तेव्हा ३० जूनला बंद होत, म्हणून. मासे कधी विणतात हा प्रश्न कर्जाच्या फॉर्ममध्ये नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी वसुलीला गेलो. संस्थेचे म्हातारे चेअरमन नदीकाठी जाळे शिवत बसले होते. माझे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, पंधरा-वीस दिवस दम धरा. मासोयी आता पोटुशी हाये, माहेराले चालली. बायतीन होऊन वापस येऊ द्या तिले, मंग तुमचा पैसा न पैसा देतो."

मी म्हणालो, "बाबा, तुमचं खरं आहे; पण तारीख माझ्या हातात नाही."

हे पूर्ण खरे नव्हते. तारीख माझ्या हातात नसली तरी मुदतवाढीची शिफारस करणे माझ्या हातात होते. एक पानाचे टिपण लिहावे लागले असते. पण शाखेची वसुली शंभर टक्के दाखवायची होती आणि मी तरुण होतो. मी टिपण लिहिले नाही.

२८ जूनला संस्थेने हप्ता भरला. नोटा ओल्या होत्या आणि त्यांना मासळीचा वास येत होता. कॅशियरने त्या पंख्याखाली टेबलावर पसरून वाळवल्या, सगळे हसले, मीही हसलो. नंतर वरिष्ठांकडून माझ्या वसुलीबद्दल शाबासकीचे पत्र आले. ते पत्र अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

त्या ओल्या नोटांचा खरा हिशेब मला फार उशिरा कळला. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीपोटी साधारण दोन लाख अंडी असतात. त्यातली बहुतेक निसर्गात मरतात हे खरे. पण वाचतात ती थोडीथोडकी पिलेच नदीचे पुढचे वर्ष असतात. परतीच्या वाटेवर मासा पकडला तर एक मासा कमी होतो. जातानाच्या वाटेवर पकडला तर त्याच्यामागचे सारे गणगोत कमी होते. व्याज खायचे की मुद्दल, हा भेद आम्ही बँकेत गिऱ्हाइकाला रोज समजावून सांगत असू. नदीच्या खात्यातले मुद्दल मात्र मीच वेळेआधी मोडायला लावले.

त्या एका वर्षाने पैनगंगा रिकामी झाली असे मी म्हणणार नाही. नदीवर त्यानंतर पुष्कळ संकटे आली. खाली ईसापूरचे धरण त्याआधीच उभे राहिले होते. भिंतीखालच्या माशाला वर यायची वाट उरली नव्हती. पुढे ठिकठिकाणी बंधारे आणि बॅरेज झाले. शेतीला त्यांची गरज होती, याबद्दल वाद नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी वेळेवर काढल्या तर मासा त्यातून वर जाऊ शकतो; काढायच्या राहिल्या तर तिथेच डोके आपटतो. नदीतली वाळू गेली. सोयाबीनबरोबर तणनाशके आणि कीटकनाशके आली आणि पहिल्या पावसात त्यांचा निचरा थेट त्याच नाल्यांत होतो, जिथे अंडी पडतात. यातल्या अनेक गोष्टी तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पण पुलावरची रात्र तशी नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका पुलावर मी थांबलो. पुलाच्या नळकांड्यांच्या तोंडाशी पूर्ण रुंदीभर जाळे बांधलेले होते, एवढ्या बारीक आसाचे की त्यातून करंगळी जाणार नाही. मासे पकडणाऱ्यांत भोई कोणी दिसला नाही. सगळी हौशी मंडळी, मोटारसायकली काढून आलेली. कोणी सांगत होते की पलीकडच्या नाल्यावर विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतात. दुसरा म्हणाला, ब्लीचिंग पावडर टाकली की काम सोपे होते. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा या देशात १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा. पण रात्री दोन वाजता नाल्यावर तो कोण आणणार? एका पोराच्या घमेल्यात फुगल्या पोटाच्या मासोळ्या तडफडत होत्या आणि त्यांची अंडी घमेल्याच्या तळाशी सांडली होती.

पोरावर रागवायला तोंड उघडले आणि मिटले. कारण गाबोळी आमच्याही घरी आवडीने खाल्ली जाते. बाजारात मासेवालीकडे "गाबोळीवाली आहे का?" असे विचारणारे आणि तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजणारे आपणच असतो. मागणी आपली आणि पाप पोराचे, असे कसे चालेल?

कोणी म्हणेल, सरकार दरवर्षी तलावांत मत्स्यबीज सोडतेच, मग चिंता कसली? रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. हे मोठेच काम झाले. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण नदीनाल्यातली वाम, शिंगाळा, बारीक खवल्यांच्या मासोळ्या यांचे बीज आणून सोडण्याच्या भानगडीत कोणी फारसे पडत नाही. मरळीचे पाहा. ती चढणीला फार लांब जात नाही. काठच्या उथळ, गवताळ पाण्यात विते आणि पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर तरंगताना दिसतो, त्याच्या खाली आई-बाप असतात. म्हणूनच त्यांना पकडणे सोपे. आणि ते पकडले की राखणदाराविना पुंजका दोन-चार दिवसांत फस्त होतो.

जगात इतरत्र काय करतात? माझी भाची अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. मागे तिने फोनवर सांगितले की ती आणि तिची मुलगी आळीपाळीने मिस्टिक नावाच्या नदीवर मासे मोजायला जातात. मला वाटले, चेष्टा करते आहे. मग कळले की तिथे हेरिंग जातीचे मासे एरवी समुद्रात राहतात आणि वसंत ऋतूत अंडी घालायला ओढ्यांतून गोड्या पाण्याच्या तळ्यांपर्यंत चढतात. आपल्या चढणीचेच भाऊबंद. पूर्वी लोक ते टोपल्या भरभरून नेत. मासे घटले, तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ पासून ते पकडणे बंद केले. धरणांच्या कडेला माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या. आणि ज्या काठावर लोक जाळी घेऊन उभे राहत, त्या काठावर आता साधे नागरिक दहा-दहा मिनिटे उभे राहून किती मासे वर गेले ते मोजून लिहून ठेवतात.

आपल्याकडे एवढी बंदी घालून पोट हातावर असलेल्या माणसाने खायचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर बांगलादेशात अधिक जवळचे सापडते. त्यांचा लाडका इलिश, म्हणजे हिलसा, हाही हेरिंगच्याच कुळातला, समुद्रातून नदीत चढणारा. आश्विनातल्या पौर्णिमेच्या सुमाराला त्याच्या विणीच्या दिवसांत तिथे २२ दिवस मासेमारी बंद असते आणि त्या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ देते. मदत पुरेशी असते की नाही यावर तिथेही भांडणे आहेत. पण माशाला दिलेल्या सुट्टीची किंमत एकट्या कोळ्याने मोजायची नाही, हे तत्त्व मान्य झालेले आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. शेजारच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांतली मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे ही कल्पना काही परदेशी नाही. आणि माझ्या भोईबाबांनी तर बंदी मागितलीच नव्हती. पंधरा-वीस दिवसांचा दम मागितला होता.

तो दम आपण देऊ शकतो. गावाने ठरवले तर पुलाच्या निम्म्या नळकांड्या मोकळ्या राहू शकतात. अर्धी वाट माशाची, अर्धी माणसाची. जाळ्याचा आस मोठा ठेवता येतो. पोट फुगलेली मासोळी हाताला लागली तर परत पाण्यात सोडता येते. आपण खाणाऱ्यांनी पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत गाबोळीचा आग्रह सोडावा. तोवर तलावातल्या पाळीव माशावर भागवावे. आणि माझ्या जुन्या व्यवसायातल्या मंडळींना हात जोडून सांगणे आहे की मच्छीमार संस्थेचा हप्ता जूनमध्ये ठेवू नका. दिवाळीनंतर ठेवा. पीककर्जाची मुदत पीक घरात आल्यावर येते, तसाच मासा हाही हंगामच आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा मी त्या गावी गेलो होतो. बाबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचा नातू भेटला. तो आता बांधकामावर जातो, पावसाळ्यात तेवढे जाळे काढतो. मी त्याला १९८६ ची सारी हकीकत सांगितली आणि चूक कबूल केली. त्याने चहा मागवला. मग हसून म्हणाला, "मले कायची माफी मागता साहेब? मागायचीच असंन तं त्या मासोयीची मागा."

यंदा मृगाचा पाऊस झाला की त्या पुलावर पुन्हा जाणार आहे. सोबत वही आणि पेन घेईन. किती मासोळ्या माहेरी पोचल्या, तेवढे मोजून पाहीन.