वर्दीला हसवणारे सिनेमे

टीव्हीवर ‘शोले’ लागला की तुमच्याही घरी हातातली कामं तशीच राहत असतील. १९७५ सालचा हा सिनेमा. घोडे, बंदुका, डाकू असा सगळा थाट अमेरिकेतल्या काउबॉयपटांचा, पण उभा केला कर्नाटकात, रामनगरच्या खडकांत. त्यातल्या असरानीच्या जेलरला आजी आणि नातू एकदमच हसतात. अर्ध्या शिपायांना इकडे, अर्ध्यांना तिकडे पाठवून तो उरलेल्यांना मागे यायला सांगतो, आणि मागे कुणीच नसतं! चार्ली चॅप्लिनने १९४०च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये हिटलरची टर उडवली होती, तिथूनच हा जेलर सुचला. असरानी २०२५ मध्ये गेले, जेलर मात्र घरोघरी आहे.

‘शोले’च्या आदल्याच वर्षी अमेरिकेत मेल ब्रुक्स यांनी ‘ब्लेझिंग सॅडल्स’ काढला होता. त्यात काउबॉयपटांचीच खिल्ली आहे. गोऱ्यांच्या गावात कृष्णवर्णीय शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख येतो. गाव बंदुका रोखतं. हा पठ्ठ्या स्वतःचंच पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून स्वतःलाच ओलीस धरतो, आणि गावकरी चक्क फसतात! शिव्या त्याला मिळतात, पण हसू होतं ते त्या गावाचं. २००६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय चित्रपट वारशाच्या यादीत या वात्रट सिनेमाला जागा मिळाली.

आपल्याकडे हे काम दादा कोंडक्यांनी केलं. त्यांचा ‘पांडू हवालदार’ही १९७५चाच. दादा आणि अशोक सराफ असे दोन हवालदार त्यात होते. तेव्हापासून हवालदाराला ‘पांडू’ म्हणायची रीतच पडली. सिनेमाने लोकांच्या तोंडात शब्द ठेवला, यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता?

असल्या सिनेमांना ‘टाइमपास’ म्हणून मी सोडून देत नाही. आमच्या झरी जामणीच्या पोडांवरच्या बायकांना कचेरीची पायरी चढायची म्हणजे पोटात गोळा येतो. एकदा बचत गटातल्या एका बाईबरोबर रेशनकार्डाच्या कामाला गेले होते. साहेबाने वर मान न करताच हाकललं. बाहेर आल्यावर ती मला म्हणते, “ताई, थो साहेब तं त्या जेलरावानीच करते!” आणि तिने अशी काही नक्कल केली की झाडाखाली बसलेल्या सगळ्याजणी पोट धरून हसल्या. पुढच्या खेपेला तीच साहेबासमोर उभी राहिली आणि अर्जाची पोच मागून घेतली. ज्याला आपण हसलो, त्याची भीती थोडी तरी कमी होतेच.

पण एक गोष्ट खटकते. दादांच्या द्वयर्थी संवादांवर सेन्सॉरशी वाद झाले, थिएटरं मात्र भरली. त्यातले कितीतरी विनोद बाईच्या अंगावरून जातात. शेजारी वयात आलेली मुलगी बसलेली असली की आपलं हसू ओठातच राहतं. अधिकाऱ्याची ऐट उतरवायला हिंमत लागते. बाईच्या शरीरावर शेरा मारायला कसली हिंमत?

म्हणून सिनेमा बंद करू नका. मुलांबरोबर बसून बघा, मनमोकळं हसा. मग त्यांना एवढंच विचारा, “या विनोदात कमीपणा कुणाला आला रे? वर बसलेल्याला, की आधीच खाली असलेल्याला?” मुलं बरोबर उत्तर देतात.