जाणिवेचा अभ्यासक : आनंद परांजपे

शिक्षण : पुणे विद्यापीठातून पीएच.डी. त्यानंतर हार्वर्डमध्ये ‘स्व-ओळख’ या संकल्पनेचे भाष्यकार एरिक एरिक्सन यांच्याकडे संशोधन.

कार्यक्षेत्र : कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन, तेथेच गुणश्री प्राध्यापक.

मूळ प्रश्न : शरीर, विचार, भूमिका सतत बदलत असताना ‘मी तोच’ असे माणसाला कशामुळे वाटते?

मांडणी : पाश्चात्त्य मानसशास्त्रात जाणीव बहुधा कशाची तरी जाणीव असते. योग आणि अद्वैत वेदान्त मात्र विषयरहित, शुद्ध जाणिवेची अवस्था मानतात. जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) यांपलीकडची ‘तुर्या’ म्हणजे हीच अवस्था. परांजपे यांनी या दोन्ही परंपरा समान पातळीवर तपासल्या.

प्रमुख ग्रंथ : पूर्व-पश्चिम सिद्धान्तांच्या भेटीवरील ग्रंथ (1984), ‘स्व’ आणि ओळख यांवरील ग्रंथ (1998), के. रामकृष्ण राव यांच्यासह भारतीय परंपरेतील मानसशास्त्रावरील ग्रंथ (2016).

मराठी धागा : ज्ञानमार्गासाठी रमण महर्षी, भक्तीसाठी तुकाराम आणि कर्मयोगासाठी लोकमान्य टिळक यांची जीवने त्यांनी मानसशास्त्रीय दृष्टीने अभ्यासली. भारतीय विचार केवळ श्रद्धेचा नव्हे, चिकित्सेचाही विषय आहे, हे दाखवणारे हे काम मराठी विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे.