पापणीचे दुखणे आणि छातीवरील शस्त्रक्रिया

सकाळी टवटवीत दिसणाऱ्या विद्यार्थ्याची एक पापणी दुपारच्या तासाला खाली येते, फळ्यावरचा एक आकडा त्याला दोन दिसतो. आणि आपण त्याला झोपाळू ठरवून मोकळे होतो. परंतु हा आळस नसून ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ हा स्नायूंचा विकार असू शकतो.

या विकारात दृष्टी शाबूत असते. दमतात ते डोळा फिरवणारे व पापणी उचलणारे स्नायू. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे, तर मज्जातंतू स्नायूकडे अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचा चेक पाठवतो. चेक खरा असतो. पण तो वटवणाऱ्या बऱ्याच खिडक्या शरीरातील प्रतिपिंडांनीच बंद केलेल्या असतात. पहिले काही चेक वटतात, मग काम थंडावते. म्हणूनच विश्रांतीनंतर पापणी वर जाते आणि संध्याकाळी पुन्हा मिटू लागते.

मग डोळ्यासाठी छातीवर शस्त्रक्रिया कशाला? छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तारुण्यानंतर ती आक्रसत जाते, म्हणून तिला मराठीत यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या काही पेशी येथे तयार होतात. या रुग्णांत पुष्कळदा ही ग्रंथीच बिघडलेली आढळते. दहा ते पंधरा टक्के रुग्णांत तिच्यात गाठही असते. १९३६ साली अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका तरुणीच्या थायमसमधील गाठ काढली आणि तिची प्रकृती सुधारली. पुढे १२६ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नुसते प्रेडनिसोन घेणाऱ्यांपेक्षा, त्याच्या जोडीला शस्त्रक्रिया झालेल्यांची ताकद तीन वर्षांत अधिक सुधारली व त्यांना औषधही कमी लागले.

मात्र केवळ डोळ्यांपुरता विकार असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. अशांना बहुधा आधी गोळ्याच देतात. पायरिडोस्टिग्मिन हे औषध त्या रसायनाचा नाश लांबवते, म्हणजे जणू चेकची मुदत वाढवते. गाठ असल्यास मात्र सहसा शस्त्रक्रियाच करतात. तिचा लाभ मुदत ठेवीसारखा, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पदरात पडतो.

अमिताभ बच्चन यांना १९८४ साली हाच विकार असल्याचे निदान झाले. औषधोपचारानंतर ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही; परंतु दुर्लक्षही परवडणारे नाही. डोळ्यांपासून सुरू झालेला हा विकार, बहुधा पहिल्या दोन वर्षांत, गिळण्याच्या व श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. आमच्या बाग सेवनियाजवळच, साकेत नगरात, २०१२ साली सुरू झालेली ‘एम्स’ आहे. तेव्हा रोज संध्याकाळी पापणी मिटणाऱ्या मित्राची थट्टा करण्याऐवजी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जाणे, हेच खऱ्या मैत्रीचे काम होय.