वर्गातले अपुरे काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तासाची घंटा होते तेव्हा वर्गातल्या काही वह्यांत स्वाध्याय अर्धाच झालेला असतो. त्या मुलांवर आळसाचा शिक्का लगेच बसतो. हा गैरसमज सर्वांत जुना आहे आणि मुलांचे सर्वाधिक नुकसानही त्यानेच होते. काम नेमके कुठे थांबले हे वहीत पाहिले, तर निराळी कारणे दिसू लागतात. 402 मधून 158 वजा करताना पेन्सिल दशकस्थानच्या शून्यापाशी अडली असेल, तर शतक सुटे करून दशक घेणे मुलाला उमगलेले नाही. फळ्यावरचे उतरवताना एकेका अक्षरासाठी मान वर करणाऱ्या मुलाचे वाचन कच्चे असू शकते किंवा त्याला फळा स्पष्ट दिसत नसतो. त्यामुळे डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळांमध्ये अशी तपासणी होते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल गणितात अडल्यासारखे वाटते, पण बऱ्याचदा ते प्रश्नाच्या मराठीपाशीच थांबलेले असते.

सूचना नीट ऐकली नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये मांडले, की प्रौढ माणूससुद्धा एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. लहान मुलांची ही क्षमता त्याहून कमी असते. ‘पुस्तक उघडा, तिसरे उदाहरण घ्या, समास आखा, आकृती काढा आणि मग उत्तर लिहा’ असे एका दमात सांगितले, तर शेवटच्या गोष्टी निसटणारच. तेच टप्पे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, तर अनेक मुले कोणाला न विचारता पुढे सरकतात.

लवकर पूर्ण झालेले काम म्हणजे समजलेले काम, असेही धरले जाते. वरच्याच वजाबाकीत प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल 356 हे उत्तर झटपट लिहून मोकळे होते. बरोबर उत्तर 244 आहे. शून्यापाशी थांबलेल्या मुलाला निदान काहीतरी अडते आहे हे कळलेले असते. या दोघांपैकी मदतीची गरज कोणाला अधिक, हे वेगावरून ठरत नाही.

मदत म्हणजे उत्तर सांगणे, हा समज घरीही आढळतो आणि शाळेतही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी 1976 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना अभ्यासले. मुलाच्या आवाक्याबाहेरचा तेवढाच भाग मोठ्याने सांभाळावा आणि बाकीचा मुलाला करू द्यावा, असे त्यांनी मांडले. वर्गात याची सुरुवात प्रश्न मुलाकडून मोठ्याने वाचून घेण्यापासून होते. मग काय काढायचे आहे ते त्याच्याच शब्दांत विचारावे. तरीही जमले नाही, तर तशाच दुसऱ्या उदाहरणाची पहिली पायरी करून दाखवावी आणि तिथेच थांबावे. थांबणेच सर्वांत अवघड असते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच वाट पाहतात, असे मेरी बड रो यांना अमेरिकेतल्या वर्गांत आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आधार हळूहळू काढून घेतला नाही, तर मूल बाई जवळ येईपर्यंत पेन्सिलच उचलत नाही.

उरलेले काम मधल्या सुट्टीत बसवून पूर्ण करून घेणे शिस्तीचे मानले जाते. परंतु सावकाश काम करणाऱ्या मुलाचा खेळ मग रोजच बुडतो. शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठीही सुट्टी काढून घेऊ नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट केले. काम घरी पाठवण्याचा उपायही फसवा आहे. जे मूल मदतीअभावी अडले, त्याला घरी ती मदत मिळेलच असे नाही, शिवाय नेहमीचा गृहपाठ असतोच.

काहींना जास्त वेळ किंवा कमी उदाहरणे देणे हा इतरांवर अन्याय वाटतो. वजाबाकीची रीत चार उदाहरणांत पक्की झाली की नाही ते कळते. त्यासाठी वीस लागत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद हा कायदा करतो. परीक्षेत मान्य असलेली सवलत रोजच्या वर्गात नाकारण्याला आधार नाही.

एवढ्या मुलांत एकेकाकडे बघायला वेळ कुठला, हा प्रश्न मात्र खरा आहे, विशेषतः एकाच वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळांत. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षिला आहे. पण अशा शाळांतही पहिली फेरी नेहमी अडणाऱ्या मुलांकडे मारता येते आणि कोण कुठे थांबले याची एका शब्दाची नोंद ठेवता येते. आठवड्याभरात त्याच पायरीवर अनेक नावे दिसली, तर ती पायरी सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवावी लागते.