आधी खाते, मग दस्त

बोरगावात घर किंवा खुली जागा विकावयास निघालेल्या गृहस्थास पूर्वी कागदी उतारा, घरपट्टीची पावती, मूळ खरेदीखत आणि ओळख पटविणारे दोन साक्षीदार एवढ्या शिदोरीवर सब-रजिस्ट्रार कचेरीची पायरी चढता येत असे. ऑक्टोबर 2024 पासून मात्र मिळकतीचे ई-खाते तयार असल्यावाचून कर्नाटकात दस्त नोंदविला जात नाही. बोरगावसारख्या पट्टण पंचायतीच्या हद्दीत हे खाते ‘ई-आस्ती’त, तर ग्रामपंचायतीच्या गावठाणात ‘ई-स्वत्तू’त उतरते. त्यावर मालकाचे व मिळकतीचे छायाचित्र, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि मिळकतीचा स्वतंत्र क्रमांक असतो. आणि दस्तनोंदणीच्या ‘कावेरी’ प्रणालीशी ते जोडलेले असल्याने, खात्यात ज्याचे नाव नाही त्यास विकावयास उभेच राहता येत नाही. एकच भूखंड दोघातिघांच्या गळ्यात मारणे, मृताच्या जागी तोतया उभा करणे, असल्या लबाड्यांना यामुळे आळा बसेल, आणि तेवढ्यापुरते या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे.

अडचण आहे ती सीमाभागातील दप्तराची. 1 नोव्हेंबर 1956 रोजी, बोरगाव तेव्हा ज्यात होते तो चिकोडी तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तत्पूर्वीची खते व फेरफार मराठीत, त्यांतील जुनी मोडीत, आणि पुढचे दप्तर क्रमाक्रमाने कानडीत. आजोबांचे नाव एका खतात आडनावासह, दुसऱ्यात केवळ वडिलांच्या नावासह, आणि संगणकात चढविताना एखादे अक्षर बदललेले, असे झाले म्हणजे हे तिन्ही गृहस्थ एकच होते हे सिद्ध करण्याचे काम नातवाच्या कपाळी येते. त्यासाठी वंशावळ हवी, प्रतिज्ञापत्र हवे. आणि प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक फेब्रुवारी 2024 मध्ये 20 रुपयांवरून 100 वर, मुखत्यारपत्राचा 100 वरून 500 वर गेलेला आहे. 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्कही 1 टक्क्याचे 2 टक्के झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ई-खाते म्हणजे मालकीची सनद नव्हे. ते मुख्यतः करआकारणीचे दप्तर आहे. शेतजमिनीच्या हक्कनोंदीसही 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याचे कलम 133 एवढेच बळ देते, की विरुद्ध सिद्ध होईतो ती खरी मानावी. आपला 1908 चा नोंदणी कायदा दस्त नोंदवितो, हक्काची हमी घेत नाही. ज्या इंग्रजांच्या अमदानीत तो येथे आला, त्यांच्या देशात मात्र निराळी वाट पडली: इंग्लंड व वेल्समध्ये 1 डिसेंबर 1990 पासून विकल्या जाणाऱ्या मिळकतीची हक्कनोंदणी सर्वत्र सक्तीची झाली, आणि नोंदवहीतील चुकीने कोणाचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई सरकारी नोंदणी खातेच देते. आपल्याकडे अशी हमी नाही. म्हणून ई-खाते हाती पडले तरी मूळ खरेदीखत आणि बोजाचा दाखला जिवापाड जपावा.

शेतजमिनीच्या बाबतीत घडलेला बदल याहून खोल आहे, आणि त्याची चर्चा गावात व्हावी तेवढी झालेली नाही. 1961 च्या भूसुधारणा कायद्यातील 79-अ व 79-ब ही कलमे, ज्यांच्यामुळे बिगरशेतकऱ्यास व मोठ्या उत्पन्नाच्या माणसास शेतजमीन घेता येत नव्हती, 2020 मध्ये रद्द झाली. सीमेपलीकडे कागल तालुक्यात 1948 च्या कुळकायद्याचे कलम 63 अद्याप उभे असल्याने बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेत घेता येत नाही; सीमेच्या अलीकडे, आपल्या निपाणी तालुक्यात, ते धनवंताला खुले आहे. ज्या कुळांनी 1974 च्या दुरुस्तीनंतर लँड ट्रिब्युनलपुढे खेटे घालून दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील जमीन नावावर करून घेतली, त्यांचीच नातवंडे आज तंबाखूच्या वा उसाच्या एका बुडीत हंगामानंतर अशा गिऱ्हाइकासमोर उभी राहतात, की ज्याच्याशी भावाची घासाघीस करण्याचे त्राण त्यांच्यात नसते. पहिल्याने वटहुकूम काढून, तोही महामारीच्या वर्षी, एवढा मोठा बदल करणे मला न्याय्य वाटत नाही.

खाते लवकर व्हावे या उतावळेपणात वंशावळीतून बहिणींची नावे गाळण्याचा प्रकारही घडतो. बहीण इचलकरंजीस दिली, आता तिचा येथे काय संबंध, असे म्हणणाऱ्या भावाने हे लक्षात ठेवावे, की मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा कर्नाटकाने 1994 मध्येच दिला, 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. तिला वगळून केलेले खाते उद्या दिवाणी दाव्याचे कारण होईल. आणि दावा न झाला तरी तो अन्यायच.

भाषेची अडचण जुन्या दप्तरापुरतीच नाही; दुकानदारांच्या वाट्यासही फलकांचा नियम आला. कर्नाटकाने 2024 मध्ये केलेल्या कायद्याच्या दुरुस्तीप्रमाणे फलकाचा 60 टक्के भाग कानडीत हवा. महाराष्ट्रातही दुकानाच्या पाटीवर मराठी सक्तीची आहे, तेव्हा राज्यभाषेचा आग्रह एकट्या कर्नाटकाचा म्हणता येत नाही; उरलेल्या जागेत मराठी लिहिण्यास मज्जाव मात्र होता कामा नये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम व नोटिसा त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे संरक्षण 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेपासून मान्य झालेले आहे. ई-खात्याचा अर्ज, त्यासोबतच्या कागदांची यादी आणि हरकतीची मुदत सांगणारी नोटीस, निदान ही तीन पत्रके पट्टण पंचायतीच्या भिंतीवर मराठीत लागावीत, ही मागणी प्रभागातील प्रत्येक सदस्याने येत्या सभेत लेखी मांडावी.