यूएसबी पोर्ट रुसतो तेव्हा

रास्पबेरी पाय ५ ला जोडलेली हार्ड डिस्क दिसतच नसेल, तर खापर लिनक्सवर फोडण्याआधी वीज तपासावी. ३ अँपिअरच्या ॲडॅप्टरवर चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात; अधिकृत ५ अँपिअरचा लावला की १.६ अँपिअर. सुरतेत यंत्रमागावरचे कापड तपासायला दोन कॅमेरे लावायचे, तर मोबाइलचा चार्जर पुरेलच असे नाही.

मग ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. यादीत नाव आहे, पण उपकरण चालत नाही, तर ड्रायव्हर बघावा; नावच नसेल तर केबल बदलावी. निव्वळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, आणि दिसायला ती अगदी तशीच असते! ‘डीमेसेज’च्या नोंदींत ‘अंडरव्होल्टेज’ आढळले, तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब मधे जोडावा.